लस घ्यायची की थांबायचं? हिशेब नेमका कशाचा करायचा

साथ भरात असते, नवी लस आलेली असते आणि घराघरांत वाद सुरू होतो: एवढ्या घाईत बनवलेली लस टोचून घ्यायची का? प्रश्न रास्त आहे, पण बहुतेक वेळा तो अर्धाच विचारला जातो. लशीत धोका किती, एवढंच विचारलं जातं. लस न घेणारा माणूस जणू साथीच्या बाहेर जाऊन उभा राहणार आहे! हवेतून पसरणारा नवा विषाणू एकदा जगभर गेला की आज ना उद्या तो जवळपास प्रत्येकाला गाठतो. कोविडचं तेच झालं. म्हणून प्रश्न असा मांडायला हवा: माझ्या वयाच्या, माझ्या प्रकृतीच्या माणसाची या विषाणूशी पहिली गाठ लशीविना पडली तर काय होईल, आणि लस घेतल्यावर पडली तर काय होईल? दोन्ही बाजूंना आकडे असतात. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय 'हो' म्हणण्यात अर्थ नाही आणि 'नाही' म्हणण्यातही नाही.

या हिशेबात सगळ्यात जड आकडा वयाचा. कोविडच्या पहिल्या वर्षी, लशी येण्याआधी, अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून संसर्ग झालेल्यांपैकी किती जण दगावतात याचा अंदाज काढला गेला. पंचविशीत साधारण १० हजारांत १, पंचावन्नाव्या वर्षी २५० मध्ये १, पासष्टाव्या वर्षी ७० मध्ये १, पंचाहत्तरीत २२ मध्ये १ आणि पंच्याऐंशीला ७ मध्ये १. पंचविशी आणि पंच्याऐंशी यांच्यात हजारपटीहून जास्त फरक आहे. नातू आणि आजी एकाच खोलीत बसून लशीबद्दल वाद घालत असतील, तर खरं म्हणजे ते दोन वेगळ्या आजारांबद्दल बोलत असतात. वयाच्या जोडीला मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचा आजार, अवयव प्रत्यारोपण, कर्करोगाचे उपचार आणि गरोदरपण यांनीही धोका वाढतो, पण वयाइतका एकट्याने वजन टाकणारा घटक दुसरा नाही.

मात्र हा आलेख कोविडचा आहे. प्रत्येक साथीचा तसाच असेल असं नाही. १९१८ च्या फ्लूमध्ये २० ते ४० वर्षांची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने गेली. त्यामुळे नवी साथ आली की लशीबद्दलच्या दाव्यांआधी शोधायची गोष्ट म्हणजे वयोगटानुसार रुग्णालयात दाखल होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण. सरसकट '१ टक्का मृत्युदर' हा आकडा निर्णयाच्या कामाचा नसतो. त्यात आपण कुठे बसतो हे त्यावरून कळत नाही.

आता दुसरी बाजू. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या लशीचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे, कारण तिथे हिशेब उघडपणे मांडला गेला. मार्च २०२१ मध्ये या लशीनंतर काही जणांत एक विचित्र आजार दिसू लागला. रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या आणि तरीही गुठळ्या होत आहेत, त्याही बऱ्याचदा मेंदूतल्या शिरांमध्ये. एरवी प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव होतो, इथे उलटं होत होतं. प्लेटलेटमधून बाहेर पडणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं आणि त्यातून हे घडतं, हे काही आठवड्यांतच उलगडलं. प्रमाण साधारण ५० हजार ते १ लाखात १, आणि तरुणांत थोडं जास्त.

एप्रिलमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या एका गटाने ब्रिटनच्या आकड्यांवरून वयोगटवार तक्ता केला. साथ मंद असताना २० ते २९ वयाच्या १ लाख लोकांना ही लस दिली, तर पुढच्या १६ आठवड्यांत कोविडमुळे आयसीयूत जाणारे ०.८ जण वाचतील आणि लशीमुळे १.१ जणांना गंभीर इजा होईल. ६० ते ६९ वयात त्याच १ लाखात १४.१ जण आयसीयूतून वाचतील आणि इजा ०.२ जणांना होईल. लस तीच, काळही तोच. पण साथ भरात असेल तर विशीतल्यांचाही आकडा पालटतो: ६.९ वाचतील, इजा १.१ चीच. ब्रिटनने ७ एप्रिलला ठरवलं की तिशीच्या आतल्यांना शक्य तिथे दुसरी लस द्यावी, आणि महिन्याभराने ही मर्यादा चाळिशीपर्यंत नेली. लशीबाबत निर्णय कसा घ्यावा हे शिकायला मला या एका तक्त्याइतकं चांगलं साधन दुसरं दिसत नाही. त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत: तुमचं वय, आसपास साथ किती आहे, आणि दुसरी लस उपलब्ध आहे का. तिन्हींपैकी एक बदलली तरी उत्तर बदलू शकतं, आणि तसं ते बदललं म्हणून आधी सांगणारा खोटा ठरत नाही.

फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींची (विषाणूचं एक प्रथिन बनवायची सूचना शरीराला देणाऱ्या लशींची) अडचण वेगळी निघाली: हृदयाच्या स्नायूला सूज. ती मुख्यतः १२ ते २९ वयोगटातल्या मुलग्यांत आणि तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर, बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात दिसली. सगळ्यात जास्त धोक्याच्या वयात प्रमाण १० हजारांत १ च्या आसपास. बहुतेक जण विश्रांती आणि औषधांनी बरे झाले. इथे उपाय 'लस नको' एवढाच नव्हता. दोन डोसमधलं अंतर ३-४ आठवड्यांऐवजी ८ आठवडे केल्यावर हे प्रमाण घटलं. म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये बरीच जागा असते: कोणती लस, किती अंतराने, कितवा डोस. डॉक्टरांना विचारायचे खरे प्रश्न तिथे असतात.

लशीच्या चाचणीचा निकाल कसा वाचायचा, हे एकदा हाताने करून बघावं. फायझरच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय टोचलंय हे टोचून घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. दुसऱ्या डोसनंतर ७ दिवसांनी मोजणी सुरू झाली. लक्षणांसह कोविड झालेले १७० जण सापडले: मिठाच्या पाण्याच्या गटात १६२, लशीच्या गटात ८. आठला १६२ ने भागा, सुमारे ०.०५ येतं, म्हणजे ९५ टक्के आजार टळला. '९५ टक्के' याचा अर्थ लस घेतलेल्या १०० पैकी ५ जणांना कोविड होतो असा नाही. लस नसती तर ज्या १०० जणांना तो झाला असता, त्यातल्या ९५ जणांना झाला नाही, असा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. मिठाच्या पाण्याच्या गटातही १८ हजारांहून जास्त लोकांतले १६२ च आजारी पडले, १ टक्क्याहून कमी. मग लशीने खरा फायदा १ टक्क्याहून कमीच झाला ना? भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. तो १ टक्का म्हणजे त्या दोनेक महिन्यांत त्या भागांत विषाणूची किती जणांशी गाठ पडली याचं माप आहे. साथ वर्षानुवर्षं चालली की गाठ पडणाऱ्यांचा आकडा १ वरून ५०, ८० टक्क्यांवर जातो आणि त्याच पटीत फायदाही वाढतो. उलट साथ आलीच नाही तर फायदा शून्य. म्हणून टक्केवारीतली परिणामकारकता लशीकडून घ्यायची आणि गाठ पडण्याची शक्यता आपल्या परिस्थितीतून.

चाचणीत काय पाहिलं गेलं नाही, हेही वाचायचं. त्या पहिल्या चाचण्यांत लक्षणांसह होणारा आजार मोजला होता. लस घेतलेला माणूस दुसऱ्याला विषाणू देतो का, संरक्षण किती महिने टिकतं, गरोदर स्त्रियांत काय होतं, प्रतिकारशक्ती दबलेल्यांत काय होतं, हे मोजलेलंच नव्हतं. त्या जागी अनेकांनी आपापली आशा भरली आणि नंतर 'लस घेऊनही कोविड झाला' म्हणत लशीला खोटं ठरवलं. पुढे दिसलं ते असं: संसर्गापासूनचं संरक्षण काही महिन्यांत उतरतं, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या ओमायक्रॉनपुढे तर ते फारच लवकर उतरलं, गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र बरंच जास्त टिकतं. 'दुसऱ्यांसाठी घ्या' हा सल्ला देताना हे मोकळेपणाने सांगायला हवं. लशीने पसरणं कमी होतं, काही काळ. थांबत नाही.

दुर्मीळ दुष्परिणामांसाठी एक साधा नियम उपयोगी पडतो. २० हजार लोकांना लस दिली आणि एखादा दुष्परिणाम एकालाही झाला नाही, तर त्याचं खरं प्रमाण शून्य असेलच असं नाही. लोकांच्या संख्येला ३ ने भागायचं: सुमारे ६,७०० मध्ये १ पर्यंतचं प्रमाण असूनही ते चाचणीत दिसलं नसेल, हे शक्य आहे. ५० हजारांत एकाला होणाऱ्या गुठळ्या म्हणूनच चाचणीत सापडू शकत नव्हत्या. कोणी लपवल्या म्हणून नव्हे. असे परिणाम लाखो डोस दिल्यावरच दिसतात. पहिल्या काही लाखांत आपण असावं की नाही, हा विचार त्यामुळे चुकीचा नाही. पण तो करण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते: साथ मंद असताना पंचविशीतल्या निरोगी माणसाने सहा आठवडे आकड्यांची वाट पाहिली तर त्याचं फारसं बिघडत नाही, लाट चढत असताना सत्तरीतल्या माणसाला ती वाट फार महागात पडू शकते.

घाईबद्दल. वेळ कुठे वाचला हे पाहिलं की शंका कुठे घ्यायची तेही कळतं. कोविडच्या विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. त्याच्या काटेरी प्रथिनावर काय करायचं हे २००३ चा सार्स आणि २०१२ चा मर्स यांच्यामुळे आधीच अभ्यासलेलं होतं. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचं एमआरएनएवरचं कळीचं काम २००५ चं. त्यासाठी २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चाचणीचे टप्पे एकामागून एक न करता एकमेकांत मिसळले, निकालाआधीच कारखान्यांत डोस बनवून ठेवले, आणि साथ इतकी भडकलेली होती की १७० रुग्ण जमायला वर्षं लागली नाहीत. लोकांची संख्या मात्र कमी केली नव्हती. खरोखर तोकडी होती ती मंजुरीआधीची देखरेख: अमेरिकेच्या नियामकांनी निम्म्या लोकांवर तरी दुसऱ्या डोसनंतर दोन महिने लक्ष ठेवलेलं असावं, अशी अट घातली होती. शंका घ्यायची तर ती इथे घ्यावी, आणि मंजुरीनंतरची देखरेख कोण, कशी करतंय हे विचारावं.

दोनच महिने का, याला कारण इतिहास आहे. लशीचा घटक शरीरात काही दिवस-आठवड्यांत संपतो, मागे राहते ती प्रतिकारशक्तीची आठवण. म्हणून लशींचे बहुतेक गंभीर दुष्परिणाम डोसनंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत उमटले आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार या भीतीने ४.५ कोटी लोकांना लस दिली गेली. ऑक्टोबरात मोहीम सुरू झाली आणि डिसेंबरात थांबवावी लागली, कारण गियाँ-बारे हा नसांचा आजार साधारण १ लाखात एकाला जास्तीचा होत होता. आणि साथ तर आलीच नाही. १ लाखात १ एवढ्या धोक्यानेही मोहीम बंद पडली, कारण दुसरं पारडं रिकामं होतं. निर्णय बरोबरच होता.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी युरोपात दिलेल्या पँडेमरिक्स या लशीनंतर मुलांत नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार वाढला. फिनलंड आणि स्वीडनमध्ये तो २०१० मध्ये लक्षात आला. ओळखायला वेळ लागला, कारण हा आजार हळूहळू उघड होतो. डेंगवॅक्सिया या डेंग्यूच्या लशीचं प्रकरण आणखी वेगळं. ज्यांना आधी कधी डेंग्यू झाला नव्हता, अशांना लस घेतल्यानंतर पुढे डेंग्यू झाला तर तो जास्त तीव्र होण्याचा धोका होता, आणि हे २०१७ मध्ये, लस वापरात आल्यानंतर स्पष्ट झालं. ही उदाहरणं लपवून लशीची बाजू घेणं मला पटत नाही. डेंगवॅक्सियावरून प्रत्येक नव्या लशीला विचारायचा एक नेमका प्रश्न मिळतो: लस घेतलेल्यांना नंतर खरा संसर्ग झाला, तेव्हा त्यांचा आजार सौम्य होता की उलट बळावला? कोविडच्या लशींत हे मुद्दाम शोधलं गेलं. फायझरच्या चाचणीत गंभीर आजाराचे रुग्ण मिठाच्या पाण्याच्या गटात ९ आणि लशीच्या गटात १ होते, आणि पुढे कोट्यवधी डोस दिल्यावरही आजार बळावल्याचं दिसलं नाही.

आकड्यांत फसवणारी दोन ठिकाणं आहेत. पहिलं: 'रुग्णालयातले निम्मे रुग्ण लस घेतलेले आहेत.' १,००० लोक घ्या, ९०० जणांनी लस घेतलेली. लस नसलेल्या १०० पैकी १० दाखल झाले. लशीने ९० टक्के संरक्षण दिलं असं धरलं, तर ९०० पैकी १ टक्का, म्हणजे ९ दाखल होतील. रुग्णालयात जवळपास निम्मे लस घेतलेले दिसतील आणि तरीही लस ९० टक्के काम करत असेल. खाटा मोजायच्या नाहीत, प्रत्येक गटातलं प्रमाण मोजायचं. त्यातही वयाने वाटून, कारण लस आधी म्हाताऱ्यांना मिळालेली असते.

दुसरं: 'लस घेतली आणि चौथ्या दिवशी गेले.' ज्या वयोगटात वर्षाला १०० पैकी २ जण एरवीही दगावतात, तिथल्या १० लाख लोकांना एकाच दिवशी लस दिली, तर पुढच्या ७ दिवसांत सुमारे ३८० मृत्यू लशीविनाही होणारच होते. त्या ३८० घरांना लस आठवणार, हे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यांच्या शंकेची टर उडवणं क्रूरपणाचं आहे. पण लशीचा दोष तेव्हाच दिसतो, जेव्हा प्रत्यक्ष आकडा त्या अपेक्षित ३८० पेक्षा ठळकपणे वर जातो. गुठळ्यांचं तेच झालं, म्हणून त्या पकडल्या गेल्या. दुष्परिणामांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत कोणीही नोंद करू शकतं. ती यादी म्हणजे तपास सुरू करण्याचं ठिकाण. पुरावा ती नव्हे.

कोणी थांबून आधी डॉक्टरांशी बोलावं? एखाद्या लशीच्या पहिल्या डोसला तीव्र ॲलर्जी आली असेल, किंवा तिच्यातल्या घटकाची ॲलर्जी ठाऊक असेल, तर ती लस घेऊ नये. एमआरएनए लशींत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं, ॲस्ट्राझेनेकाच्या लशीत पॉलिसॉर्बेट ८० होतं. पेनिसिलिन, धूळ, शेंगदाणे यांची ॲलर्जी आडवी येत नाही. फक्त आधी कशानेही श्वास कोंडण्याइतकी तीव्र ॲलर्जी आली असेल तर १५ ऐवजी ३० मिनिटं केंद्रावर थांबायचं. अशी तीव्र प्रतिक्रिया एमआरएनए लशीच्या १० लाख डोसमागे साधारण ५ वेळा येते, आणि बहुतेक वेळा या अर्ध्या तासातच. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेवर दिलं की ती आटोक्यात येते. केंद्रावर ते आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

ताप असेल किंवा कोविडच झालेला असेल तर बरं वाटेपर्यंत थांबावं. नुकताच संसर्ग होऊन गेला असेल तर पुढच्या डोससाठी साधारण तीन महिने थांबलं तरी चालतं, कारण त्या काळात पुन्हा आजारी पडण्याची शक्यता कमी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती बंद करायची नाही. टोचणाऱ्याला सांगायचं, बारीक सुई वापरायला लावायची आणि नंतर जागा न चोळता किमान २ मिनिटं घट्ट दाबून धरायची. रिटुक्सिमॅब (सांधेवात आणि काही कर्करोगांवरचं इंजेक्शन) घेणाऱ्यांत लस जवळपास वाया जाऊ शकते, कारण अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच त्या औषधाने गेलेल्या असतात. शक्य असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या २ ते ४ आठवडे आधी लस बसवून घ्यावी. मेथोट्रेक्सेट हे सांधेवातावरचं औषध लशीच्या डोसनंतर एक-दोन आठवडे थांबवतात, पण ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना मूळ मालिकेतच एक जास्तीचा डोस लागतो. गरोदरपणात जिवंत विषाणूच्या लशी टाळतात. कोविडच्या एमआरएनए लशी जिवंत नाहीत, त्यांत गर्भाला धोका आढळला नाही. गरोदरपणातला कोविड मात्र आयसीयू आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा धोका वाढवतो.

प्रत्यक्ष टोचताना काय बिघडतं, याबद्दल फार कमी बोललं जातं. सुई खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूत, सरळ ९० अंशांत जायला हवी. प्रौढाला साधारण २५ मिलिमीटरची. खांदा पूर्ण उघडा नसेल तर टोचणारा वरच्या वर टोचू शकतो आणि लस सांध्याजवळ जाते. मग खांदा आठवडेच्या आठवडे दुखतो, हात वर जात नाही. सैल बाही किंवा बिनबाहीचा सदरा घालून जा, पूर्ण खांदा उघडा करा, हात सैल सोडा, आणि टोचणारा बसलेला असेल तर तुम्हीही बसलेले असा. ज्यांना सुई पाहून चक्कर येते त्यांनी आडवं होऊन घ्यावं. टोचल्यावर चक्कर येऊन कोसळणं ही तीव्र ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त वेळा होणारी गोष्ट आहे, आणि त्यात डोक्याला लागू शकतं.

कुपीकडेही लक्ष असू द्या. अनेक डोसच्या कुपीतली लस उघडल्यावर ठरावीक वेळेतच संपवावी लागते; फायझरच्या मूळच्या कुपीत मिठाचं पाणी मिसळल्यावर ही मुदत ६ तासांची होती. उघडल्याची वेळ कुपीवर लिहिलेली असायला हवी. एमआरएनएची कुपी जोरात हलवायची नसते, हळुवार उलटीपालटी करायची असते. ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या लशी उलट गोठल्या की बाद होतात. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली अशी कुपी बाहेरून ठीक दिसते, पण ती काम करत नाही.

टोचून घेतल्यावरचं वेळापत्रक लक्षात ठेवलं तर निम्मी घबराट टळते. दंड दुखणं, ताप, कणकण, डोकेदुखी, अंग मोडून येणं हे ६ ते २४ तासांत सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. काखेत गाठ येऊ शकते. मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) ठरलेली असेल तर लशीची तारीख आणि हात तिथे सांगा. पॅरासिटामॉल आधी घेऊन जाऊ नका. त्रास झाल्यावर ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन मात्रांत ६ तास अंतर, प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही धरा. खोकला, घसादुखी, वास जाणं हे लशीने होत नाही. ते दिसलं तर चाचणी करा, कारण पहिल्या डोसनंतर साधारण १२ दिवस संरक्षण जवळपास नसतंच. त्या काळात मास्क उतरवणारे आणि लसीकरणाच्या रांगेतच संसर्ग घेणारे खूप असतात, आणि खापर लशीवर फुटतं.

पहिल्या आठवड्यात छातीत दुखणं, धडधड, दम लागणं झालं, विशेषतः तरुण मुलग्याला, तर त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची) तपासणी. ॲस्ट्राझेनेकासारख्या, ॲडेनोव्हायरस वापरून बनवलेल्या लशीनंतर ४ ते ३० दिवसांत न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, पाय सुजणं, पोटात सतत दुखणं, टोचल्याच्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके: यांतलं काहीही झालं तर लगेच रुग्णालयात जाऊन प्लेटलेट मोजायला सांगा आणि कोणती लस कधी घेतली हे आपणहून सांगा. नेहमीच्या गुठळीवर देतात ते हेपारिन या आजारात टाळतात, म्हणून हे सांगणं फार महत्त्वाचं आहे.

हे सगळं पाहूनही थांबायचं ठरवलं, तर ते नीट ठरवून थांबा. कोणती माहिती हवी आहे, ती कोणत्या तारखेपर्यंत येईल, आसपासचे रुग्ण कितीवर गेले की वाट पाहणं सोडायचं, आणि तोवर बंद खोल्यांतली गर्दी कशी टाळायची, हे लिहून ठेवा. 'बघू पुढे' म्हणणाऱ्याचा निर्णय लाट करते, आणि लाट चढल्यावर घेतलेल्या डोसला काम सुरू करायला तरी दोन आठवडे लागतात. घरात प्रत्यारोपण झालेलं किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल, तर ती मर्यादा बरीच खाली ठेवा. त्यांच्या शरीरात लस पुरेशी रुजत नाही, त्यामुळे आजूबाजूच्यांचं थोडा काळ टिकणारं संरक्षणही त्यांना उपयोगी पडतं.

घेतलीत तर लशीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कोणत्या हातात टोचली हे कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दुष्परिणाम झाला तर तो याच चार गोष्टींसह कळवा. बॅच क्रमांक नसेल तर एखादी बॅचच खराब होती का, हे तपासणाऱ्यांना शोधता येत नाही. दुसऱ्या डोसची तारीख चुकली तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेला डोस जमेल तेव्हा घ्यायचा आणि तिथून पुढे जायचं.